अ‍ॅडम गुड्सची हुर्यो का उडवली गेली? ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आदिवासी खेळाडू आणि वंशद्वेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातल्या खेळाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी क्रिकेटवरून पुढे सरकत नाही. पण तिथे सगळ्यात जास्त भांडणं ज्या खेळाडूवरून झाली, तो क्रिकेटर नव्हता. त्याच्याबद्दल आणि त्याच्या आधी-नंतरच्यांबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न खवचटपणे विचारलेले आहेत. तेही ठेवलेत, कारण उत्तर त्यांनाच द्यायची गरज जास्त आहे.

हा अ‍ॅडम गुड्स कोण? आणि हा कोणता फुटबॉल?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडे नुसतं 'फुटी' म्हणतात. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर एका बाजूने अठरा जण, चेंडूही लंबगोल, हातही चालतो आणि पायही. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा, आणि ती चालवणारी संघटनाही, म्हणजे एएफएल. व्हिक्टोरिया राज्यात तर अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरकारी सुट्टी असते, यावरून वेडाचा अंदाज यावा.

गुड्स १९९९ ते २०१५ या काळात सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने खेळला. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याला दोनदा मिळालं, २००३ आणि २००६ मध्ये. २००५ आणि २०१२ मध्ये त्याच्या संघाने विजेतेपद जिंकलं. तो दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अद्न्यमथन्हा आणि नारुंगा या आदिवासी समाजांचा. त्याची आई 'चोरलेल्या पिढ्यां'पैकी एक. सरकारी धोरणानुसार आदिवासी मुलं आई-बापांपासून काढून नेली जायची, आणि हा प्रकार १९७० च्या आसपासपर्यंत चालला. तिला नेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. देशाच्या संसदेने या धोरणाबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये.

२४ मे २०१३ ला नक्की काय घडलं?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे आपण टीव्हीवर बॉक्सिंग डे कसोटी पाहतो तेच एमसीजी. सिडनी विरुद्ध कॉलिंगवुड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ दरवर्षी सामन्यांची एक फेरी ठेवतात, तिचा हा पहिलाच सामना. गुड्स झकास खेळत होता, सिडनी जिंकत आली होती. सामना संपत आला असताना सीमारेषेजवळ त्याच्या कानावर प्रेक्षकांतून एक शब्द आला: 'एप'. म्हणजे वानर. तो जागीच थांबला, वळला आणि ज्या दिशेने आवाज आला होता तिकडे त्याने बोट दाखवलं. सुरक्षारक्षकांनी ज्या व्यक्तीला बाहेर नेलं, ती तेरा वर्षांची मुलगी होती.

सामना जिंकूनही त्याने तो साजरा केला नाही.

तेरा वर्षांच्या पोरीला असं सगळ्यांसमोर बाहेर काढणं अति नाही झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गुड्सविरुद्धचा सगळा राग याच प्रश्नावर पोसला गेला. म्हणून घटनांचा क्रम नीट पाहायला हवा. बोट दाखवलं तेव्हा त्याला आवाज ऐकू आला होता, बोलणाऱ्याचं वय ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर तो काय बोलला? या मुलीला दोष देऊ नका, ती अजून लहान आहे, तिच्या पाठीशी उभे राहा, तिला हा शब्द जिथून मिळाला त्या वातावरणाचा विचार करा. मुलीने त्याची माफी मागितली, त्याने ती स्वीकारली.

इतकं असूनही पुढची दोन-अडीच वर्षं 'लहान मुलीला रडवणारा' हाच शिक्का त्याच्यावर राहिला. तिची बाजू सगळ्यात आधी त्यानेच घेतली होती, हे हुर्यो उडवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. किंवा असेल, पण ते सोयीचं नव्हतं.

'एप' या एका शब्दाचं एवढं काय? आपल्याकडे तर माकडा-गाढवा सर्रास म्हणतात.

आपल्याकडे आजी नातवाला 'माकडा' म्हणते तेव्हा नातू माणूस आहे की नाही याबद्दल घरात कुणाला शंका नसते. ऑस्ट्रेलियात ती शंका एकेकाळी 'शास्त्र' म्हणून शिकवली गेली. माणसाच्या उत्क्रांतीच्या शिडीवर आदिवासी खालच्या पायरीवर आहेत असं मानून त्यांच्या कवट्या आणि हाडं ब्रिटन-युरोपातल्या संग्रहालयांत नेऊन ठेवली गेली. टास्मानियातली त्रुगानिनी ही आदिवासी स्त्री १८७६ मध्ये वारली. तिच्या देहाची अशी विटंबना होऊ नये अशी तिची इच्छा होती, तरी तिचा सांगाडा उकरून काढला आणि होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना बघायला मांडून ठेवला. १९७६ मध्ये, तिच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर, तिच्यावर अंत्यसंस्कार झाले.

गुड्सने अभ्यास केलेला इतिहास हा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला तो माहीत असण्याची अपेक्षा नाही. पण शब्द तिच्यापर्यंत पोचला होताच.

नंतर कॉलिंगवुड क्लबच्या अध्यक्षांचं काय प्रकरण झालं?

एडी मॅग्वायर. टीव्ही-रेडिओवरचं मोठं नाव आणि कॉलिंगवुडचे अध्यक्ष. सामना संपताच ते स्वतः सिडनीच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले, गुड्सची माफी मागितली, सगळ्यांनी वाहवा केली. आणि पाच दिवसांनी रेडिओवरच्या गप्पांत त्यांनी मेलबर्नमध्ये येऊ घातलेल्या 'किंग काँग' या महाकाय वानरावरच्या संगीतिकेच्या जाहिरातीसाठी गुड्सला वापरावं असा विनोद केला. पुन्हा माफी. अध्यक्षपद तसंच राहिलं, २०२१ पर्यंत. ते कसं गेलं हे पुढे येईलच.

हुर्यो तर सगळ्याच खेळाडूंची उडवतात. त्यात वंशद्वेष कुठून आला?

बरोबर आहे, फुटीमध्ये हुर्यो हा प्रेक्षकांचा जन्मसिद्ध हक्क समजला जातो. प्रतिस्पर्ध्याचा स्टार, क्लब सोडून गेलेला खेळाडू, पंच, कुणीही. आणि नेमकी म्हणूनच ती इतकी सोयीची ठरली. शिवी दिली तर कुणीतरी बोट दाखवू शकतं. चाळीस हजार लोकांच्या 'बूऽऽ'कडे कसं दाखवणार?

पण काही गोष्टी पाहा. गुड्स चौदा वर्षं खेळत होता, दोनदा सर्वोत्तम ठरला होता आणि या काळात असं काही झालं नव्हतं. सुरुवात झाली ती २०१३ च्या घटनेनंतर, आणि २०१४ मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' होऊन वंशद्वेषाबद्दल व आपल्या लोकांच्या इतिहासाबद्दल उघडपणे बोलायला लागल्यावर ती वाढली. एकाच क्लबचे लोक चिडलेले असते तर ती खुन्नस समजता आली असती. हे मेलबर्नमध्ये, पर्थमध्ये, ज्यांचं सिडनीशी काही जुनं वैर नाही अशा मैदानांवरही चाललं होतं. चेंडू त्याच्या हातात आला की आवाज सुरू, हातातून सुटला की बंद. कारणं विचारली तर वेगवेगळी मिळायची: तो पडल्याचं नाटक करतो, फ्री किक मागतो, मुलीला रडवलं, फार भाषणं देतो. फ्री किकसाठी लोळणारे खेळाडू प्रत्येक संघात होते. त्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही.

हुर्यो उडवणारा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा होता का? नसेल. बऱ्याच जणांनी शेजारचा ओरडतोय म्हणून ओरडून घेतलं असणार. पण २०१५ च्या मध्यापर्यंत आदिवासी खेळाडू, त्यांच्या संघटना, खुद्द गुड्सचे सहकारी हे जाहीरपणे सांगत होते की यामुळे जखम होते आहे. ते कळल्यावरही ओरडत राहणाऱ्याचा हेतू तपासत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

तो भाला फेकण्याचा नाच काय होता? त्याने मुद्दाम डिवचलं नाही का?

२९ मे २०१५, सिडनी क्रिकेट ग्राउंड, पुन्हा आदिवासी फेरी, समोर कार्लटन. गोल मारल्यावर गुड्सने कार्लटनच्या समर्थकांच्या दिशेने काही पावलं युद्धनृत्याची टाकली आणि हातात नसलेला भाला फेकल्याचा आविर्भाव केला. हा नाच त्याला आदिवासी मुलांच्या सोळा वर्षांखालच्या संघातल्या पोरांनी शिकवला होता. पाच-सात सेकंदांचा प्रकार. दुसऱ्या दिवशी देशभर चर्चा अशी, जणू खराच भाला गेला.

न्यूझीलंडचे रग्बी खेळाडू प्रत्येक सामन्याआधी 'हाका' करतात, जीभ बाहेर काढतात, डोळे वटारतात, आणि तेच ऑस्ट्रेलियन प्रेक्षक तो सोहळा म्हणून टाळ्या वाजवत बघतात. आपल्याच देशातल्या आदिवासी नाचाने मात्र लोक 'घाबरले'. डिवचणं म्हणायचं तर म्हणा. खेळात गोल मारल्यावर समोरच्या प्रेक्षकांना डिवचणं ही काही नवी गोष्ट नाही.

मग तो निवृत्त कसा झाला?

जुलै २०१५ च्या अखेरीस पर्थच्या सामन्यात हुर्यो इतकी वाढली की त्याचा आदिवासी सहकारी लुइस जेटा याने गोल मारून तोच भाल्याचा नाच केला, गुड्सच्या बाजूने. त्यानंतर गुड्सने सुट्टी घेतली. पुढच्या सामन्यात तो मैदानात नव्हता. त्याच्या जर्सीचा क्रमांक ३७. तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला सिडनीचं सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलं. इतर ठिकाणीही पाठिंब्याचे फलक लागले. तो परतला, हंगाम संपवला आणि सप्टेंबरमध्ये संघ बाद झाल्यावर थांबला. निवृत्त होणारे खेळाडू अंतिम सामन्याच्या दिवशी मोकळ्या गाडीतून मैदानाला फेरी मारतात. गुड्स आला नाही. तिथेही हुर्यो झाली असती तर?

एएफएल तेव्हा काय करत होती?

थांबून पाहत होती. मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅक्लाखलन यांनी हुर्योला स्पष्टपणे वंशद्वेषी म्हणायला फार वेळ लावला. पुढच्या वर्षी त्यांनी कबूल केलं की आम्ही उशिरा हललो. २०१९ मध्ये या प्रकरणावर दोन माहितीपट आले, तेव्हा एएफएल आणि अठराच्या अठरा क्लबांनी मिळून बिनशर्त माफी मागितली. तोवर गुड्सला मैदान सोडून चार वर्षं होत आली होती.

मला विचाराल तर या प्रकरणातला खरा दोष इथे आहे. प्रेक्षकांत टवाळ असणारच, ते कुठे नसतात? पण संघटनेकडे नियम होता, पैसा होता, टीव्हीचे कॅमेरे होते आणि आपल्याच इतिहासातून शिकायला वीस वर्षं मिळाली होती.

वीस वर्षं कशी? आधीही असं झालं होतं का?

वीस काय, जवळजवळ शंभर वर्षं म्हणा. डग निकल्स १९२७ मध्ये कार्लटनकडे खेळायला गेला, तर तिथल्या लोकांनी त्याच्या अंगाला हात लावून मालिश करायला नकार दिला. कारण त्याची कातडी. तो निघून गेला, पुढे फिट्झरॉयकडून खेळला, पाद्री झाला, हक्कांसाठी लढला आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. आजच्या आदिवासी फेरीला 'सर डग निकल्स राउंड' हे त्याचंच नाव आहे.

रॉबर्ट म्यूर १९७० आणि ८० च्या दशकांत सेंट किल्डाकडून खेळायचा. प्रेक्षक त्याच्यावर थुंकायचे, शिव्या द्यायचे. तो भडकला की शिक्षा त्याला. टोपणनाव पडलं 'मॅड डॉग'. म्हणजे चावायला लावायचं आणि वर पिसाळलेला ठरवायचं. २०२० मध्ये त्याची कहाणी छापून आल्यावर सेंट किल्डा आणि एएफएलने माफी मागितली. तोवर माणूस म्हातारा झाला होता.

आणि १९९३. तारीख १७ एप्रिल, कॉलिंगवुडचं जुनं मैदान व्हिक्टोरिया पार्क. सेंट किल्डाचे निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकअ‍ॅडम हे दोघे आदिवासी खेळाडू दिवसभर शिव्या ऐकत खेळले आणि त्या दोघांनीच सामना जिंकून दिला. भोंगा वाजल्यावर विनमार शिव्या देणाऱ्यांकडे वळला, डाव्या हाताने जर्सी वर उचलली आणि उजव्या हाताचं बोट पोटाच्या कातडीवर टेकवलं. मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, असं तो म्हणाला. वेन लडबी आणि जॉन फीडर या दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. तोच क्षण आज पर्थच्या स्टेडियमबाहेर ब्राँझच्या पुतळ्यात आहे. गंमत अशी की काही वर्षांपूर्वी जुन्या फुटीवाल्यांपैकी काहींनी 'तो कातडीबद्दल नव्हे, संघाच्या हिमतीबद्दल बोलत होता' असं ठोकून दिलं. त्यांनाही जाहीर माफी मागावी लागली.

त्या सामन्यानंतर कॉलिंगवुडचे तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅलन मॅकॅलिस्टर यांना टीव्हीवर विचारलं गेलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय: आदिवासी खेळाडू गोऱ्या लोकांसारखे वागले तर सगळे त्यांचा आदर करतील. बचाव करायला बसलेल्या माणसाने हे उत्तर दिलं होतं.

मग नियम कधी आला?

१९९५ मध्ये. त्या वर्षी अँझॅक डेच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या सैनिक स्मरणदिनाच्या, सामन्यात एसेंडनच्या मायकल लाँगला कॉलिंगवुडच्या डेमियन मंकहर्स्टने वंशवाचक शिवी दिली. लाँगने तक्रार केली. दोघांना समोरासमोर बसवून समेट झाल्याचं पत्रकारांना सांगितलं गेलं, पण लाँगला तो समेट मान्य नव्हता आणि त्याने विषय सोडला नाही. इतर आदिवासी खेळाडूही त्याच्या बाजूने उभे राहिले. मग एएफएलने 'रूल ३०' आणला: खेळाडूने खेळाडूला वंशावरून शिवीगाळ केली तर त्याची दखल घेण्याची रीतसर व्यवस्था. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक खेळांत असा नियम पहिल्यांदा इथे झाला. लाँगचे आई-वडीलही लहानपणी घरातून उचलून नेलेल्या मुलांपैकीच. २००४ मध्ये हा माणूस पंतप्रधानांना भेटायला मेलबर्नहून कॅनबेराकडे पायी निघाला होता.

नियमामुळे मैदानावरचं तोंड बरंच आवरलं, हे खरं. पण तो आधी मैदानाच्या आतल्यांपुरता होता. स्टँडमधले, क्लबच्या कार्यालयातले आणि पुढे मोबाईलवरचे लोक त्यात बसत नव्हते.

आता तरी थांबलंय का?

नाही. अ‍ॅडलेडच्या एडी बेट्सवर २०१६ मध्ये प्रेक्षकांतून केळं फेकलं गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत कॉलिंगवुड क्लबबद्दलचा स्वतंत्र अहवाल फुटला. लारिसा बेहरेंट आणि लिंडन कूम्ब्स यांनी तो लिहिला होता. क्लबमध्ये वंशद्वेष व्यवस्थेतच मुरलेला आहे आणि तक्रार करणाऱ्यालाच त्रास होतो, असं त्यात म्हटलं होतं. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या हेरितिए लुमुंबा या कॉलिंगवुडच्या जुन्या खेळाडूने आधी हेच सांगितलं होतं. क्लबमध्ये त्याला 'चिंप', म्हणजे चिंपांझी, म्हणत. अहवाल फुटल्यावर मॅग्वायर पत्रकार परिषदेत म्हणाले की क्लबसाठी हा ऐतिहासिक आणि अभिमानाचा दिवस आहे. आठवड्याभराने राजीनामा.

हॉथॉर्न क्लबच्या जुन्या प्रशिक्षकांवर आदिवासी खेळाडूंच्या कुटुंबांबाबत २०२२ मध्ये गंभीर आरोप झाले. प्रशिक्षकांनी ते ठामपणे नाकारले आणि एएफएलची चौकशी २०२३ मध्ये कुणालाही दोषी न ठरवता संपली.

त्याच २०२३ च्या मार्चमध्ये वेस्टर्न बुलडॉग्सचा तरुण जमारा युगल-हेगन याला प्रेक्षकांतून वंशवाचक शिव्या मिळाल्या. पुढच्या सामन्यात पहिला गोल मारताच त्याने जर्सी उचलली आणि कातडीकडे बोट केलं. विनमारला तीस वर्षं होत आली होती. युगल-हेगन तेव्हा विशीतला पोरगा.

खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात. थोडं ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

पगार चेंडू लाथाडण्याचा असतो. शिव्या खाण्याचं कलम कुठल्याही करारात नाही.

एका शब्दाचा परिणाम इतकी वर्षं कसा टिकतो?

शब्द एक नसतो, म्हणून. एडी बेट्स ३५० सामने खेळला, सहाशेच्या वर गोल मारले, लहान मुलांचा लाडका, कायम हसरा. दर वर्षी त्याच्याबाबतीत काहीतरी व्हायचं: केळं, सोशल मीडियावर माकडाचं चित्र, स्टँडमधून आरोळी. आणि प्रत्येक वेळी कॅमेरे त्याच्याकडेच यायचे. तुला कसं वाटलं? लोकांना काय सांगशील? ज्याला लागलंय त्यानेच इतरांना समजावून सांगायचं, तेही शांतपणे, कारण आवाज चढवला तर 'चिडका' म्हणणार. २०२१ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात तो याच गोष्टीबद्दल बोलला, की मी थकलोय. निवृत्तीनंतर, जानेवारी २०२४ मध्ये, त्याची मुलं घराच्या अंगणात बास्केटबॉल खेळत असताना रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून त्यांना वंशवाचक शिव्या दिल्या गेल्या. कॅमेऱ्यातलं ते चित्रण त्याने स्वतः लोकांपुढे ठेवलं.

म्हणजे बाप खेळातून बाहेर पडला, तरी अंगणात खेळ चालूच.

परिणाम अनेक तऱ्हांचा असतो. झोप जाते. मैदानावर जायची इच्छा मरते. आपल्याच विक्रमांच्या जागेत पाऊल टाकवत नाही. बायको-मुलांना सामन्याला न्यावं की नाही असा प्रश्न पडतो. नव्या पोरांना ज्येष्ठ खेळाडू काय सल्ला देणार, बोल की गप्प बस? ज्या घरात आजीला सरकारी माणसांनी उचलून नेलेलं असतं, तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबवर विश्वास टाकून सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हजारो किलोमीटर दूर पाठवणं मुळातच अवघड. त्यात टीव्हीवर गुड्सचं जे झालं ते त्या घराने पाहिलेलं असतं.

आदिवासी लोक देशाच्या लोकसंख्येत ४ टक्क्यांहूनही कमी, पण २०२० च्या सुमारास एएफएलमध्ये साधारण दर दहा खेळाडूंमागे एक आदिवासी होता. त्यानंतर हा आकडा उतरत गेलाय. भरतीची पद्धत, कोविडमधली टाळेबंदी, दुर्गम भागातल्या स्पर्धांची दुरवस्था ही कारणंही त्यात आहेत. सगळं खापर वंशद्वेषावर फोडणं चुकीचं ठरेल. पण त्याला वगळून हिशेब लागत नाही.

माफी मागितली ना? मग गुड्सने हॉल ऑफ फेमचा मान का नाकारला?

२०२१ मध्ये त्याचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवडलं गेलं आणि त्याने नको म्हणून कळवलं. लांबलचक पत्रक नाही, मुलाखत नाही. एएफएलच्या प्रमुखांनीही त्याच्या निर्णयाचा आदर करतो असं सांगितलं. यावर 'अजून रुसलाय' अशा प्रतिक्रिया आल्याच. आपल्याकडे लग्नात मानपान चुकला तर काका दहा वर्षं बोलत नाहीत, आणि इथे अडीच हंगाम देशभर अपमान सोसलेल्या माणसाने एक पदक घेऊ नये याचं आश्चर्य वाटतं. माफी स्वीकारणं वेगळं आणि पुन्हा त्याच घरी पाहुणा म्हणून जाणं वेगळं.

क्रिकेटमध्ये आदिवासी खेळाडू का दिसत नाहीत?

सुरुवात तर त्यांनीच केली. परदेश दौऱ्यावर गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ १८६८ चा, आणि तो आदिवासी खेळाडूंचा होता. इंग्लंडमध्ये ४७ सामने, १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. जॉनी मुलाघ त्यांतला सर्वोत्तम. एक खेळाडू, किंग कोल, क्षयाने तिथेच वारला. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियात आदिवासींच्या 'संरक्षणा'चा कायदा आला, त्यांच्या हिंडण्या-फिरण्यावर सरकारी ताबा बसला आणि असा दौरा पुन्हा निघणं दुरापास्त झालं.

क्वीन्सलंडचा वेगवान गोलंदाज एडी गिल्बर्ट याने १९३१ मध्ये ब्रॅडमनला शून्यावर काढलं. ब्रॅडमनने त्याच्या त्या वेगाची आठवण पुढेही काढली. पण राज्याच्या संघाकडून खेळायलाही गिल्बर्टला आदिवासींसाठीच्या सरकारी वस्तीबाहेर पडण्याची परवानगी लागायची. कारकीर्द संपली तेव्हा क्रिकेट संघटनेने आदिवासींच्या 'संरक्षक' अधिकाऱ्याला कळवलं की त्याला वस्तीवर परत पाठवावं, आणि त्याचे क्रिकेटचे कपडे आमच्या खर्चाने धुऊन आमच्याकडे पोचते करावेत.

पुरुषांच्या कसोटी संघात आदिवासी वंशाचा म्हणून ओळखला गेलेला पहिला खेळाडू जेसन गिलेस्पी, १९९६ मध्ये. दुसरा स्कॉट बोलँड, थेट २०२१ मध्ये. महिलांमध्ये फेथ थॉमस १९५८ लाच खेळून गेली होती.

मुलाघ पदकाचा आणि अजिंक्य रहाणेचा काय संबंध?

२०२० पासून बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला जॉनी मुलाघ पदक देतात. १८६८ च्या संघाच्या कमरपट्ट्याचं जे बक्कल होतं, त्याच्यावर हे पदक बेतलेलं आहे. पहिलंवहिलं पदक डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेला मिळालं. अ‍ॅडलेडला ३६ वर गुंडाळल्यानंतरची ती कसोटी, कोहली मायदेशी परतलेला, रहाणे कर्णधार, ११२ धावा आणि विजय. त्या रात्री आपल्याकडे शतकावर रकानेच्या रकाने छापले गेले. गळ्यातलं पदक कुणाच्या नावाचं, यावर फारसं कुणी लिहिलं नाही.

मग सिडनीत सिराजला जे बोललं गेलं, तेही याच प्रकारात मोडतं का?

इतिहास वेगळा, सवय तीच. पुढच्याच कसोटीत, जानेवारी २०२१ मध्ये, सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सीमारेषेवरच्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या. त्याने रहाणेला सांगितलं, रहाणे त्याला घेऊन पंचांकडे गेला, खेळ काही मिनिटं थांबला. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता. आम्ही चूक केलेली नाही, आम्ही खेळणार, अशी रहाणेची भूमिका होती, असं सिराजने नंतर सांगितलं. सहा जणांना बाहेर काढलं गेलं. चौकशीअंती क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केलं की भारतीय खेळाडूंना वंशवाचक शिवीगाळ झाली, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते असंही निघालं. खरे कोण, ते सापडले नाहीत.

आणि आपण सोवळे आहोत असं समजायचं कारण नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये अँड्र्यू सायमंड्स मैदानात दिसला की आधी बडोद्यात आणि मग मुंबईत वानखेडेवर प्रेक्षक माकडाचे आवाज काढत होते. सायमंड्स आदिवासी नव्हता, त्याचं मूळ कॅरिबियन. पण प्राणी तोच निवडला गेला. वानखेडेवर काही जणांना पोलिसांनी बाहेर काढलं. तेव्हा 'अहो, गंमत आहे, एवढं काय' हे वाक्य मराठीतही भरपूर ऐकू आलं होतं.

आम्ही मेलबर्नला राहतो. मुलाला फुटी खेळायला घालावं का?

जरूर घाला. पाच-बारा वर्षांच्या मुलांसाठी 'ऑस्किक' नावाचा कार्यक्रम जवळपास प्रत्येक उपनगरात असतो, शनिवार-रविवारी सकाळी. मुलगा किंवा मुलगी 'मला असं म्हणाले' असं सांगत घरी आली तर 'दुर्लक्ष कर' म्हणून विषय मिटवू नका. प्रशिक्षकाला आणि क्लबला लेखी कळवा. तारीख, ठिकाण, शब्द जसाच्या तसा, आणि कुणी ऐकलं असेल तर त्याचं नाव.

सामना बघायला जाणार असाल तर मे महिन्यातली सर डग निकल्स फेरी गाठा. आदिवासी कलाकारांनी काढलेल्या नक्षीच्या जर्सी असतात, आणि काही क्लब त्या काळात आदिवासी भाषेतलं नाव लावतात. मेलबर्नचं 'नार्म' होतं, फ्रीमँटलचं 'वाल्यालप'. शेजारचा प्रेक्षक घाणेरडं बोलत असेल तर त्याच्याशी हुज्जत घालायची गरज नाही. तक्रारीचा मोबाईल नंबर स्टेडियमच्या पडद्यावर दाखवतात, त्यावर रांग आणि सीट क्रमांक पाठवायचा.

गुड्स आता काय करतो?

सिडनीतला त्याचा जुना सहकारी मायकल ओलॉफलिन याच्यासोबत त्याने २००९ मध्येच 'गो फाउंडेशन' सुरू केलं होतं. आदिवासी मुलांना शाळा-कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देण्याचं काम ते करतं. निवृत्तीनंतर बराच काळ एएफएलच्या सोहळ्यांपासून तो लांबच राहिला.